किटलीचं झाकण

काचेच्या नळीतलं दूध उकळून काठापर्यंत वर आलं. उत्तरेश्वरने फुंकर मारून ते खाली बसवलं, नळी तिरकी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दूध काचेवरून ओघळून खाली गेलं, पण सगळं गेलं नाही. मागे बारीक रव्यासारखे कण चिकटून राहिले. त्याने नळी पुन्हा हलवली. कण तिथेच होते.

"पाणी शिंपड की रं आधी," समोरून कडूबाई म्हणाली. "जाळावर दूध जळलं की म्हशीचं सड फुटत्यात."

उतू गेलेले दोन थेंब स्पिरिटच्या दिव्यापाशी करपले होते. उत्तरेश्वरने तांब्यात बोटं बुडवून दिव्याच्या बुडाशी पाणी शिंपडलं. कुणाचंही दूध उतू गेलं की त्याला हे करावं लागे. कितीही घाई असली तरी त्यात सूट नव्हती.

मग त्याने नळी स्टँडमध्ये ठेवली आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "आक्का, हे घेता येत न्हाय."

"कुनाचं?"

"तुजं."

मागे रांगेत दहा-बारा बाया आणि चार बाप्ये उभे होते. कडूबाई त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हिच्या वेळी आईने नावच कडू ठेवलं, म्हणजे काळाच्या तोंडाला चव लागू नये. तो उपाय इतका लागू पडला की सासू, सासरा, नवरा सगळे गेले आणि कडूबाई राहिली. ती माहेरच्या वाडीला परत आली, पण भावाच्या घरात शिरली नाही. ओढ्याच्या कडेला दोन खोल्या आणि एक गोठा बांधून घेतला. एक म्हैस पाळली. त्या म्हशीच्या दुधावर ती गेली कितीतरी वर्षं ताठ मानेने जगत होती, आणि ते दूध रोज सकाळी भावाच्याच हाताने केंद्रावर मापलं जात होतं.

"चीक घातला आसंल," मागून विठाबाई म्हणाली. "आत्ताच तर व्यालीया तिची म्हस."

विठाबाईला रांगेत कुणाचं काही चुकलं की बरं वाटे. पण हे बोलणं साधं नव्हतं. चीक म्हणजे व्यायलेल्या म्हशीचं पहिलं दाट दूध. तो आधी येडाईला दाखवायचा, मग त्याचा खरवस करून घरोघर वाटायचा, ही वाडीची रीत. तो विकणं म्हणजे देवीच्या ताटातलं उचलून विकण्यासारखं.

कडूबाई सावकाश वळली. "इठे, त्वांड सांभाळ. चिकाचा खरवस तुज्या घरी आला न्हवं? वाटी आजून परत आली न्हाय माजी."

रांगेत हसू फुटलं. विठाबाईही जरा हसली, पण मागे हटली नाही. "मग दूध कशानं नासलं? सांग की रं उत्तऱ्या, तू तपासनारा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खरवस त्याच्याही घरी आला होता. त्याने दोन वाट्या खाल्ल्या होत्या आणि बोटं चाटली होती. म्हणजे चिकाचे दिवस कधीच सरले होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण भाऊ बहिणीची बाजू घेतो असं कुणीतरी म्हणणार, मग उद्या ज्याचं त्याचं दूध परत लावताना हेच ऐकावं लागणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो काहीच बोलला नाही, आणि न बोलण्याचा अर्थ रांगेने आपापल्या परीने लावला.

कडूबाईने टेबलावरची किटली खाली घेतली. झाकण लावायला गेली, ते निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटून फरशीवर आपटलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. "हो की पटकन आक्का, मागं लोक खोळंबलेत," उत्तरेश्वर म्हणाला. तिने वाकून झाकण उचललं, ते तसंच काखेत धरलं आणि उघडी किटली घेऊन निघाली.

परत लावलेलं दूध कुणी घरी नेत नसे. केंद्रामागे एक लिंब होता, त्याच्या बुडाशी ओतायचं आणि मुकाट्याने रिकामी किटली घेऊन जायचं, अशी पद्धत. कडूबाई लिंबाकडे वळलीसुद्धा नाही. भर गल्लीतून उघडं दूध हिंदकळवत गेली.

"बघा गं बाई तोरा," विठाबाई म्हणाली.

उत्तरेश्वरने पुढची किटली घेतली.

लोकांच्या दुधात नाक खुपसणं ही त्याची नोकरी होती. येरमाळ्याहून वर डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही वाडी. माथ्यावर पवनचक्क्या, उतारावर ज्वारी, आणि रस्त्याच्या वळणावर पत्र्याची एक खोली म्हणजे दूध संकलन केंद्र. ऐन तारुण्यात तो तिथे चिकटला आणि आता पंचावन्नी उलटली होती. सुरुवातीला त्याला वाटायचं, आपण वाडीसाठी काहीतरी करतो आहोत. आता एवढंच वाटे की दिवसातून दोनदा शटर वर करायचं, दोनदा खाली ओढायचं. खांदा दुखायचा. पाणी घातलेलं दूध, शिळं दूध, आंबूस दूध, आणि प्रत्येकाची शपथ मात्र ताजी. 'नाही' म्हणून म्हणून त्याच्या चेहऱ्यावरच 'नाही' उमटलं होतं. पंगतीत त्याच्याशेजारी बसायला कुणी घाई करत नसे.

एकदा कळंबला शिबिर झालं होतं. तिथे एका साहेबाने फळ्यावर खडूने ठिपके काढून सांगितलं होतं की दूध नुसतं पांढरं पाणी नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात, असंख्य. प्रत्येक कण शेजारच्या कणाला जरा लांब ठेवतो, ढकलतो, म्हणून दूध पातळ राहतं. दूध आंबलं, त्यात चीक आला, किंवा जनावर आजारी असलं, की हे ढकलणं कमी होतं. वरून दिसत काहीच नाही. आच लागली की मात्र कण एकमेकांना चिकटतात आणि गोळे होतात. असं थोडं दूध चांगल्या दुधात मिसळलं तर सगळं घेऊन बुडतं. उत्तरेश्वरला ते तेव्हाच पटलं होतं. वाडीचं तरी वेगळं काय होतं? जो तो शेजाऱ्याला हातभर लांब ठेवून होता, म्हणून बरं चाललं होतं.

रांग संपता संपता टेम्पो आला. ईरण्णा ड्रायव्हर खाली उतरला आणि कॅनला हात घालण्याआधी म्हणाला, "मामा, डेरीच्या साहेबाचा निरोप हाय. मागल्या आठवड्यात तुमचा क्यान तापवल्यावर नासला. आता अजून एक जरी नासला तर या वाडीची गाडी बंद. मग न्या तुमी डोक्यावर येरमाळ्याला."

"परत्येकाचं उकळून घेतलंय आज."

"मग त्वांड का असं पडलंय?"

"काय न्हाय. उचल."

मागच्या आठवड्यापर्यंत तो ओळखीच्या माणसांचं दूध नुसतं वासावर घेत असे. कडूबाईचं तर वासही न घेता. तिच्या दुधाला खोट नसते, हे वाडीत म्हणीसारखं झालं होतं. म्हणजे तो कॅन कुणामुळे नासला असेल, हा विचार शटर ओढताना त्याच्या मनात आला आणि खांदा जास्तच दुखला.

घरी बायकोने, तारामतीने, ताट वाढलं, पण पाण्याचा तांब्या आपटून ठेवला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"भैनीचं दूध परत लावलं म्हनं."

"नासलं व्हतं."

"नासलं तर नासलं. पर इठाबाई चीक चीक म्हनत व्हती आन् तुमी दगडावानी हुबे. खरवस कुनी खाल्ला? शेजाऱ्यानं?"

"उगं डोस्कं खाऊ नगं."

तारामती भाजीची वाटी पुढे सरकवत हळू आवाजात म्हणाली, "आक्काचं कायतरी बिनसलंय. परवा भाकर दिली तिनं, एका अंगानं पार कोळसा. आक्काची भाकर करपलेली कधी बगितलीव तुमी? बोटालाबी केवढा चटका बसलाय. इचारलं तर म्हनली, कळलंच न्हाय."

उत्तरेश्वरने घास मोडला आणि तसाच हातात धरून राहिला. कळलंच न्हाय. फरशीवर झाकण आपटल्याचा आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. ती रागाने उघडी किटली घेऊन गेली असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यालाही तसंच वाटलं होतं.

ऊन कलल्यावर तो ओढ्याकडे गेला. कडूबाई गोठ्यात आपल्या म्हशीजवळ, मैनेजवळ, बसली होती. चरवी मांडीत धरली होती, पण धार काढत नव्हती. नुसती बसली होती. सकाळचं दूध भिंतीशी किटलीत तसंच होतं, वर माश्या.

"काय, आता गोठ्याला कुलूप लावायला आलास?" ती म्हणाली.

तो उत्तर न देता म्हशीच्या कुशीशी उकिडवा बसला. कासेवर हात फिरवला. मागची बाजू मऊ होती. पुढचा डावा सड लागला आणि त्याचा हात थांबला. तेवढी कास तापलेली होती आणि विटेसारखी घट्ट. मैनेने पाय झाडला. त्याने सड हलकेच दाबला, तळव्यावर पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या दोन कवड्या आल्या.

"आक्का, दगडी झालीया हिला."

त्याने तळवा तिच्यापुढे धरला.

"चार-आठ दिसाची तरी आसंल. सकाळ-संध्याकाळ तुजा हात फिरतोय हितं. तुला लागलं न्हाय हाताला?"

या बाईने आयुष्यभर अंधारात धारा काढल्या होत्या. कासेला हात लावून म्हैस कधी व्यायची ते सांगायची. लोक आपली जनावरं दाखवायला तिच्याकडे आणत. तिने हातातली चरवी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे त्याच्यापुढे उघडे केले, जणू त्यात काहीतरी होतं आणि ते आता नाही.

"बोटं माजी ऱ्हायलीच न्हायत, बापू," ती म्हणाली. "दिवाळीच्या आदीपासनं. सड हातात हाय का न्हाय, तेबी बगून कळतं. कळंबला दाखवलं. साखर म्हनला डाक्टर. गोळ्या दिल्या. पर गेलेलं परत येईल आसं काय बोलला न्हाय."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगून काय? धार निघंना पुरती. सडात दूध ऱ्हाऊ लागलं, मला कळंना. म्याच तिला आजारी पाडली." तिने मैनेच्या पाठीवर हात ठेवला. "मुकं जनावर. आरडून सांगता आलं आस्तं तर सांगितलं आस्तं तिनं. उलट रोज पान्हा सोडती माज्यासाठी."

सकाळी एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि त्याचवेळी हेही कळलं की त्या वाक्याने फारसं काही सावरलं नसतं.

"चल घरी," तो म्हणाला. "तारामती काय परकी हाय का? म्हस इकून टाकू—"

"म्हस इकायचं नाव काढू नगंस." तिचा आवाज चढला नाही, पण म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. "तारामती लई गुणाची हाय. म्या न्हाय म्हनती का? पर म्हस गेली की म्या कोन? तुज्या चुलीपुढं बसलेली एक म्हातारी. आज रांगेत हुबी ऱ्हाती, तिथं माजं नाव घेत्यात, कडूबाईची किटली म्हनून. उद्या कुनी म्हनलं, कडूबाईचं हात गेलं, की मग सगळीजण मला धरून चालवायला लागतील बग. तसं जगायचं न्हाय मला. कुनाला सांगनार न्हाईस ना?"

मग त्याने चरवी मांडीत घेतली.

येरमाळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरने त्याच संध्याकाळी येऊन सुई मारली, सडात औषध सोडलं आणि तो सड वरचेवर पुरता मोकळा करत राहायला सांगितलं. सांगेपर्यंत दूध कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, असंही बजावलं.

दुसऱ्या सकाळी कडूबाई रांगेत नव्हती. तिची जागा कुणी घेतली नव्हती, तरी ती रिकामी दिसत होती. विठाबाईने संधी सोडली नाही. "कोप व्हनारच. येडाईच्या वाट्याचं घातल्यावर काय व्हनार?"

उत्तरेश्वरने दिवा पेटवला नाही. काड्यापेटी खाली ठेवली.

"चीक न्हवता त्यो," तो मोठ्याने म्हणाला. "खरवस म्या सोता खाल्लाय. मैनेला दगडी झालीया. काल डाक्टर येऊन गेला."

विठाबाईचं डोकं चालू होतं. तिने मान तिरकी केली. "दगडी? आन् कडूबाईच्या हाताला कळली न्हाय? ती तर माज्या गाईची दगडी लांबनं बगून सांगती."

हा प्रश्न येणार हे त्याला गोठ्यातून निघतानाच ठाऊक होतं. आयुष्यभर लोकांच्या खोट्या शपथा ऐकून त्याचे कान किटले होते. आपण एवढ्या सहज खोटं बोलू शकू असं त्याला वाटलं नव्हतं.

"कडूबाईनं कुठं काढल्या धारा?" तो म्हणाला. "तिच्या बोटाला चटका बसलाय, सगळ्यांनी बगितलाय. आठ दिस झाले, म्या पिळतोय म्हस. सडात दूध ठिवलं म्या. माज्याच हातानं झालंय ते. मागल्या आठवड्यात क्यान नासला, त्योबी त्यानंच नासला आसंल."

मागून एक बाप्या हसला, आणि सगळी रांगच हसायला लागली. वर्षानुवर्षांचं साठलेलं हसू होतं ते. जो माणूस आमच्या दुधात खोट काढतो, त्याला म्हशीचा सड रिकामा करता येत नाही!

"आरं उत्तऱ्या," विठाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "नळी हलवायचं सोपं आस्तं बग! आन् सोता करून सोता भैनीचं दूध परत लावलं व्हय रं? निदान तवा तरी बोलायचं!"

"चुकलं," तो म्हणाला आणि काडी ओढली.

ते हसू पुढे कितीतरी दिवस पुरलं. दूध परत लागलं की लोक म्हणत, "बग बाबा, सड तूच पिळला न्हाईस ना?" ईरण्णापर्यंत गोष्ट गेली, ईरण्णाकडून साहेबापर्यंत. साहेबाने फोनवर त्याला चांगलंच झापलं. गाडी मात्र बंद केली नाही. आता उत्तरेश्वरची दोन कामं झाली होती. पहाटे आणि ऊन कलल्यावर, शटर वर करण्याआधी ओढ्याकडच्या वाटेने गोठ्यात जायचं, धार काढायची, आणि मागच्या वाटेने केंद्रावर यायचं.

धार काढणंही सोपं नव्हतं. मैना त्याच्या हाताला पान्हाच सोडेना. तो पिळून पिळून घामाघूम होई, अंगठे भरून येत, आणि चरवीचा तळ झाकत नसे. तिसऱ्या दिवशी कडूबाई म्हशीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. कपाळावर आपलं कपाळ टेकवलं आणि पुटपुटायला लागली. काय पुटपुटत होती ते त्याला कळलं नाही, पण त्याच्या मुठीत सड फुगला आणि धार घणघणत चरवीत पडली. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. ती बोलायची, तो पिळायचा. औषधाचं दूध तो बाभळीच्या बुडाशी ओतायचा, आणि ओतताना कडूबाई तोंड फिरवून घ्यायची.

कास मऊ झाली. डॉक्टरने दूध चालेल असं सांगितलं.

त्या सकाळी उत्तरेश्वरने धार काढली, किटली भरून दारात ठेवली आणि नेहमीच्या मागच्या वाटेने पुढे गेला. शटर वर केलं, काटा लावला, दिवा पुसला. रांग जमली. थोड्या वेळाने कडूबाई आली. लुगडं स्वच्छ, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर किटली. आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. विठाबाईने सरकून तिला जागा दिली आणि पदराखालून खरवसाची वाटी काढून तिच्या हातावर ठेवली. कडूबाईने वाटीकडे नीट बघून ती दोन्ही हातांनी धरली.

पहिली किटली टेबलावर आली तेव्हा ती बाई झाकणाला हात घालणार, तोच उत्तरेश्वरने झाकण उघडलं. माप झालं, नळी झाली, आणि त्याने स्वतःच्या हाताने ते दाबून बसवलं. दुसऱ्या किटलीलाही तेच केलं. तिसऱ्या किटलीलाही.

"आज काय न्यारंच?" विठाबाई म्हणाली. "झाकनंबी आता तूच लावनार व्हय?"

"तुमी सांडता. फरशी मला पुसावी लागती," तो खेकसला. "हितनं पुढं कुनी झाकनाला हात लावायचा न्हाय."

"खडूस मेला," कुणीतरी पुटपुटलं.

कडूबाईची पाळी आली.

"कुनाचं?" त्याने विचारलं.

"कडूबाईचं."

त्याने झाकण काढलं. थोडं दूध नळीत घेऊन दिव्यावर धरलं. दूध उकळून वर आलं, फुंकर मारल्यावर खाली बसलं. त्याने नळी खिडकीच्या उजेडात तिरकी केली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरून ठेवली. दूध काचेवरून खाली गेलं आणि मागे काहीच राहिलं नाही.

"पाणी शिंपड," कडूबाई म्हणाली.

त्याने शिंपडलं. मग रिकामी झालेली किटली पुढे ओढली आणि झाकण बसवलं. पहाटे धार काढून त्याचा अंगठा ठणकत होता, तरी झाकण टक्‌ वाजेपर्यंत त्याने ते दाबलं, आणि किटली तिच्या चुंबळीवर ठेवून पुढच्या बाईकडे वळला.